झाडाला वळसा

१

माझे वडील प्रश्न विचारायचे. बंदरावरच्या जकात कचेरीत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर बोटी आणि व्यापारी हाताशी उरले नाहीत, तेव्हा तो सगळा मारा माझ्यावर सुरू झाला. कुठं गेली होतीस, कुणाला शिकवलंस, तिला क्लच तरी कळतो का, तिचा नवरा काय करतो, मग तोच का शिकवत नाही, पेट्रोल कुठं भरलंस, तिथंच का?

मी रिफ्फामध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुकांवर ओरडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आरोपीसारखे जबाब द्यायचे, असं माझं चाललं होतं. संसार मोडून मी माहेरी परत आले आणि वर्षभरात आई गेली. मोझा, माझी धाकटी बहीण, लग्न होऊन मुहर्रकला. घरात बाबा आणि मी. भांडण झालं तरी समजूत घालायला तिसरं कुणी नाही, म्हणून भांडणं लांबायची नाहीत.

थंडीचे दिवस आले की दर शुक्रवारी, दुपारची जेवणं आटोपली की मी त्यांना वाळवंटातल्या झाडाकडे घेऊन जायची. झाड शमीचं. आजूबाजूला दुसरं झाड सोडाच, धड झुडूपही नाही. तेलाचे पंप, नळांच्या रांगा आणि वाळू. माझ्या आजोबांच्या आजोबांनाही ते म्हातारंच आठवायचं. त्याच्या फांद्या खाली येऊन वाळूला टेकतात आणि पुन्हा वर उठतात, त्यामुळे आत शिरलं की दालनंच्या दालनं असल्यासारखं वाटतं. त्यातलं पश्चिमेकडचं दालन आमचं. चटई, शेगडी, चोचीची पितळी किटली, खजूर आणि बाबांचे प्रश्न. आई होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. घरात जे बोलायचं राहून जाई ते तिथं बोललं जाई. माझ्या नवऱ्याबद्दल मी पहिल्यांदा बोलले तेही तिथंच.

२

त्या शुक्रवारी गाडीतच ठिणगी पडली. बाबा विचारत होते, शाल का घेतली नाहीस. मी म्हटलं विसरले. विसरलीस कशी? डोक्यात काय होतं? काल रात्री झोपली नव्हतीस का? का नव्हतीस?

"बाबा," मी म्हटलं, "एक दिवस. फक्त एक दिवस मला काहीएक विचारू नका. हात जोडते."

"बरं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

झाडाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. चटई अंथरली, शेगडी पेटवली, पण उत्तरेचा वारा सुटला होता आणि राख किटलीत उडत होती. "पलीकडे आडोसा आहे का बघून येते," असं सांगून मी बुंध्याला वळसा घालायला निघाले.

साधी गोष्ट. लहानपणापासून शेकडो वेळा घातलेला वळसा. फांद्यांखालून वाकायचं, जिथं लोकांनी नावं कोरून ठेवली आहेत तिथं बुंध्याला हात टेकायचा, दोन मुळं ओलांडायची की परत चटई. त्या दिवशी मात्र वळसा संपेना. वाऱ्यानं धूळ उठली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि बुंध्यावरचा माझा हात सरकत होता, सरकतच होता. नावं संपली, नुसती साल लागली, पुन्हा नावं लागली. ती वाचायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही. वारा थांबल्यासारखा झाला आणि मला स्वतःच्याच पायांचा आवाज ऐकू येईना. घाबरले वगैरे नाही. चिडले. झाडावर चिडणारी मी पहिलीच असेन.

मग एकदम चटई दिसली, शेगडी दिसली, आणि बाबा उठून उभे राहिले.

तेवढंच. बाबा मला पाहून उठून उभे राहिले.

गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस. शेख दारात आला तरी जेमतेम उठला असता. त्यांनी आपल्या पाठीचा लोड माझ्या बाजूला सरकवला, डाव्या हातात किटली घेतली, पेला भरला आणि उजव्या हातानं माझ्यापुढं धरला. आमच्या घरात कॉफी मी ओतते. आई गेल्यापासून त्यांनी किटलीला हात लावल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, गाडीतल्या भांडणाचं वाईट वाटलंय त्यांना. मलाही वाईट वाटलं. मी गुपचूप पेला घेतला.

प्यायले. त्यांनी पुन्हा भरला. पुन्हा प्यायले, पुन्हा भरला. पुरे झालं की पेला हातात जरासा हलवायचा असतो, पोरंसोरंही न सांगता हलवतात. मी हलवला की नाही, हे मला आजही आठवत नाही.

तेवढ्यात झाडाच्या पलीकडून एका बाईनं हाक मारली. "बाबा!" जरा थांबून पुन्हा, "बाबा, अहो बाबा!"

बाबांच्या हातातली किटली हिंदकळली, कॉफी चटईवर सांडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अजून कुणी आलेलं दिसतंय. आता आपला निवांतपणा संपला. चला, घरीच जाऊ."

ते किटली ठेवून उठले. निघताना मी पाहिलं, झाडाशी आमच्याशिवाय दुसरी गाडी नव्हती.

३

वाटेत एकही प्रश्न आला नाही. घरी आल्यावर नाही. रात्री जेवताना नाही. मी पहिल्यांदा खूश झाले, मग माझी करमणूक झाली, मग मला ऐकू येऊ लागलं की घर किती शांत आहे. फ्रीजचा आवाज. शेजारच्या बू-अतीककडचा टीव्ही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, जी बाबांच्या बोलण्यात इतकी वर्षं बुडून गेली होती.

शनिवारी सकाळी उठले तर बाहेरचं दार सताड उघडं. थंडी आत येत होती. मी लावून घेतलं. स्वयंपाकघरातून परत येते तो पुन्हा उघडं, आणि बाबा दारासमोरच्या गादीवर रस्त्याकडे तोंड करून बसलेले.

"कुणाची वाट बघताय?"

"नाही, पोरी," ते म्हणाले. "उघडं असलेलं बरं."

पोरी! मी चाळिशीला टेकलेली बाई. ते मला बद्रिया म्हणत, रागात असले की मास्तरीणबाई म्हणत. पोरी ते दुकानातल्या मुलींना म्हणत, रस्ता विचारणाऱ्या बायकांना म्हणत.

आणि खोकला. कोणत्याही खोलीत यायच्या आधी ते दाराबाहेर थांबून मोठ्यानं खाकरत. मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत बसलेली, बाहेर खाकरणं, जरा वेळ शांतता, मग बाबा मान खाली घालून भिंतीच्या कडेनं जाणार. स्वतःच्या घरात! मी दुपारी औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली. त्यांनी आभार मानून ती घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. आभार मानले, हे मी दोनदा मनात म्हणून पाहिलं.

४

रात्री मोझाला फोन लावला.

"तुझा आवाज बसलाय का गं?" ती पहिल्यांदा हेच म्हणाली. "मला वाटलं कुणी दुसरंच बोलतंय."

"धूळ खाल्ली झाडाशी. ते जाऊ दे. बाबांचं काहीतरी बिनसलंय."

मी सगळं सांगितलं. मोझा हसत सुटली. तिच्या मांडीवरचं पोरही तिच्याबरोबर हसत असावं.

"म्हणजे बाबा तुला प्रश्न विचारत नाहीत, कॉफी ओतून देतात, वर आभार मानतात. आणि तू तक्रार करतेस! माझ्या सासऱ्यांना दोन दिवस पाठवून देऊ का त्यांच्याकडे शिकवणीला?"

"मोझा, तसं नाही. ते घरात असे वावरतात जसं... जसं हे घर त्यांचं नाही."

"त्या जुबैलच्या माणसासारखे?"

मलाही हसू आलं. आम्ही लहान असताना जुबैलचा एक माणूस आमच्या दारात उतरला होता. आमच्यात पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव, कामधाम काही विचारायचं नसतं, आणि बाबा या बाबतीत जुन्या वळणाचे, अगदी कट्टर. आईला वाटलं बाबांच्या ओळखीचा असेल. बाबांना वाटलं आईच्या माहेरचा. त्याला वाटलं, काय आदरातिथ्य आहे! तीन दिवस तो मासे-भात जेवला, आणि चौथ्या दिवशी कळलं की तो मागच्या गल्लीतल्या लग्नाला आला होता आणि लग्न कधीच लागून गेलं होतं.

"मग तूही तसंच कर," मोझा म्हणाली. "पाहुणा समज त्यांना. तीन दिवस थांब आणि मग सरळ विचार, बाबा, तुम्ही कोण?"

ती चेष्टा करत होती. मी फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले, कारण तिनं माझ्या मनातलं वाक्य बोलून टाकलं होतं. झाडामागून मी परत आले तेव्हा चटईवर जो बसला होता, त्याला मी बाबा म्हटलं होतं. कशावरून? बाबांच्या जागी बसला होता म्हणून.

५

रविवारी नइमा नावाच्या शिकाऊ बाईची शिकवणी होती. तिनं चौकात गाडी तीनदा बंद पाडली, मागचे लोक हॉर्न मारून मारून थकले. परत आल्यावर ती म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला? आज तुम्ही ओरडला नाहीत."

"ओरडून तुला काय फरक पडतो?"

"पडतो की. तुम्ही ओरडलात की मला कळतं, बाजूला तुम्हीच आहात. आज मला भीती वाटली."

घरी आले तर जमिनीवर वाळू. बारीक, पिवळसर, झाडाजवळची. शनिवारी मी ती एकदा झाडली होती. आता ती बाहेरच्या दारापासून आत, जिन्यापर्यंत आणि तिथून माझ्या खोलीच्या दारापर्यंत सांडली होती. माझ्या चादरीवरही. मी वाकून बोटानं उचलून पाहिली. म्हणजे तो माझ्या खोलीपाशी येऊन उभा राहत होता. मी नसताना आत येत होता. मी बाबांच्या चपला तपासल्या. त्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या, हे आणखी वाईट वाटलं.

त्या दुपारी जेवायला सफी मासा होता. त्यांनीच कुठून तरी आणवला, शेजारणीकडून तळून घेतला. पोटाकडचा मऊ भाग काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि मी जेवत होते तोवर स्वतः घासाला हात लावला नाही.

मी विचारलं, "आईला कुठला मासा आवडायचा?"

"सफी," ते म्हणाले. "पण काटे काढून द्यावे लागायचे. एकदा घशात अडकला होता, तेव्हापासून."

बरोबर. अगदी बरोबर. पण परक्यापुढं आपल्या दुःखाचं कुणी बोलतं ना, नजर बाजूला वळवून, थोडक्यात, तसे ते बोलले होते. आणि बरोबर असून उपयोग काय होता? काट्याची गोष्ट आई स्वतः झाडाखाली किती वेळा सांगायची. वर्षानुवर्षं आम्ही तिथं बसून बोलत आलो. आमच्या घरातलं असं काय होतं जे त्या बुंध्यानं ऐकलं नव्हतं? तिथं ज्याला ऐकायचं त्यानं सगळं ऐकून ठेवलं असेल.

हा विचार माझा होता आणि मला त्याची लाज वाटली. मी शिकलेली बाई. मी स्वतःला म्हटलं, बद्रिया, तुझ्या बापाचं वय झालंय. मेंदूत कुठंतरी रक्त साकळलं असेल. डॉक्टरकडे ने, आणि त्याचं खापर झाडावर फोडू नकोस. मी सोमवारची वेळही घेतली दवाखान्यात.

पण मग माझे बाबा कुठं आहेत, हा प्रश्न काही केल्या जात नव्हता. थंडीत, त्या वाऱ्यात, गुडघ्यांचं दुखणं घेऊन. आणि मी गाडी काढून खुशाल निघून आले होते.

६

सोमवारी दुपारी ते धुपाटणं घेऊन आले. खाकरले, थांबले, आत आले. उदाचा धूर सगळ्या खोलीभर झाला. त्यांनी ते माझ्या पायघोळ अबायाच्या काठाशी धरलं, मग बाहीशी, मग डोक्यावरच्या रुमालाशी. आमच्यात उदाची धुरी दिली की बैठक संपते, मग पाहुण्यानं उठायचं असतं. पण मी माझ्याच घरात बसले होते. मला शिंक आली आणि मी बसूनच राहिले.

तेही उभेच राहिले. दार उघडं होतं. बाहेर कुणी तरी बोकड हाकत चाललं होतं, त्याच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज लांब गेला.

"बाबा," मी म्हटलं. "तीन दिवस झाले."

"झाले."

"मग आता विचारलं तर चालेल ना?"

त्यांनी धुपाटणं खाली ठेवलं. चेहरा एकदम सैल पडला, ओझं उतरवायला कुणी हात द्यावा तसा. "विचार ना, पोरी. मीही त्याचीच वाट बघत होतो. पण आधी तू. पाहुण्याचा मान."

हे वाक्य माझ्या कानांवरून गेलं, आत शिरलं नाही. मी दोन दिवस घोकून ठेवलेला प्रश्न टाकून मोकळी झाले. "तुम्ही कोण?"

"मी खलफ," ते म्हणाले, जराही न चपापता. "जकात कचेरीत होतो. हे माझं घर. बायको गेली, दोन मुली आहेत." मग ते समोर बसले, गुडघा धरून, सावकाश. "आता तू सांग. तू कुणाची? आणि माझ्या मुलीला तिथं ठेवून तू का आलीस?"

मी हसले. मला आठवतं, मी हसले. पर्समधून लायसन्स काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"हा तिचाच फोटो आहे," म्हणत त्यांनी ते परत केलं. दोन्ही हातांनी, अदबीनं.

"बाबा, मी बद्रिया. विचारा मला काहीही. आईचं विचारा, मोझाचं विचारा. माझा नवरा..."

"विचारून काय होणार?" ते म्हणाले. "त्या झाडाखाली आम्ही काय काय बोललो ते सगळं तुला ठाऊक असणार."

भिंतीवर आरसा होता. मी उठून त्याच्यात पाहिलं. चेहरा माझाच. निदान, रोज त्या आरशात दिसणारा चेहरा माझा आहे असं मी धरून चालले होते, आणि तोच दिसत होता. याहून जास्त मला काही ठरवता येईना. माझ्या अबायाची खालची कड झटकली तर वाळू पडली. सकाळी धुतलेला अबाया.

"तिनं दोनदा हाक मारली," बाबा माझ्या पाठीमागून सांगत होते. "तू ऐकलीस. मीही ऐकली."

"मग उठला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. "आपली मुलगी हाक मारते आणि तुम्ही कॉफी ओतत बसता?"

"तू पेला हलवला नव्हतास," ते म्हणाले. "पाहुण्याच्या हातात पेला असताना मी कसा उठू?" मग त्यांनी मान खाली घातली. "हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला भीती वाटली. तिचे कपडे, तिची चाल, तरी तू वळसा घालून आलीस तेव्हाच मला कळत होतं, की तू ती नाहीस. तू चला म्हणालीस, मी निघालो. वाटलं, आपलंच डोकं फिरलं. म्हातारपण आहे, सकाळी उठल्यावर ठीक होईल. शनिवारी ठीक झालं नाही. रविवारी झालं नाही. दाराशी बसून राहिलो, वाटलं कुणाच्या तरी गाडीत बसून येईल ती. मोझाला सांगितलं असतं तर ती मला वेड्यात काढती."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई गेली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं.

"मी तुला वाईट म्हणत नाही. तू घरात नीट राहिलीस, आवाज चढवला नाहीस, माझ्यासाठी औषध आणलंस. पण मला गाडी चालवता येत नाही, पोरी. आणि ती शाल विसरलीय. नेशील का मला?"

मी या माणसाला तीन दिवस परका समजत होते. आणि त्या क्षणी माझी शंभर टक्के खात्री झाली, की हे माझे बाबा आहेत. दुसरं कुणी असं विचारलंच नसतं. पण ही खात्री घेऊन मी कुठं उभी होते, ते मला कळेना.

"चला," मी म्हटलं. "तिथं कुणी नाही, हे तुम्हाला दाखवते. मग आपण तिथून थेट डॉक्टरकडे जाऊ."

७

ते मागच्या सीटवर बसले. मांडीवर माझी शाल आणि रुमालात बांधलेली भाकरी. माझ्या गाडीत बाबा कधीही मागे बसलेले नाहीत. पुढं बसून माझ्या गिअरच्या हाताकडे बघत प्रश्न विचारणं हाच त्यांचा प्रवास.

मी गाडी बरोबर चालवत होते. वळणं बरोबर येत होती, पंप दिसले, नळांच्या रांगा दिसल्या. मी मनाशी म्हणत होते, जिला रस्ता पाठ आहे ती बद्रिया. मग वाटायचं, हा रस्ता तर कुणीही झाडाशी बसून बघू शकतं, तिथून सगळाच दिसतो. हे दोन्ही विचार मला सारखेच खरे वाटत होते. डोळे भरून आले आणि मी काचेवरची धूळ पुसायला वायपर लावला, म्हणजे किती गोंधळले होते बघा.

दुपार कलायला आली होती. झाडाशी एकही गाडी नव्हती. फांद्यांखाली सावली, आणि सावलीत कुणी नाही. पश्चिमेकडचं दालन रिकामं. माझा जीव भांड्यात पडला. "बघा," मी म्हटलं. "बघितलंत?"

गाडी पुरती थांबायच्या आत बाबांनी दार उघडलं. दुखऱ्या गुडघ्यांनी वाळू तुडवत ते बुंध्यापर्यंत गेले आणि ओरडले, "बद्रिया!"

"ओ," मी गाडीतून म्हटलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बुंध्याच्या पलीकडून फांद्यांखाली वाकून एक बाई आली. काळा अबाया, बुंध्यावर टेकलेला हात, डोळे धुळीनं अर्धे मिटलेले. ती चिडलेली दिसत होती. चेहरा मला दिसला नाही, सूर्य तिच्या मागे होता आणि काचेवर वायपरनं नुसता चिखल केला होता. पण बोलणं ऐकू आलं.

"अहो, तिकडेही वाराच आहे. किती हाका मारल्या, ओ तरी द्यायची! आणि चटई कुठं गेली? शेगडी का विझवलीत? एवढ्यात?"

बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. ते लहान मुलासारखे रडत होते.

"बाबा? काय झालं? पडलात का? बाबा, अहो, मी गेले आणि आले!" मग तिची नजर गाडीवर पडली. "आणि गाडी कुणाला दिलीत तुम्ही चालवायला?"

"पाहुणी आहे," बाबा म्हणाले. "ओरडू नकोस तिच्यावर." त्यांनी तिच्या खांद्यांवर शाल घातली.

मला काहीतरी म्हणायचं होतं. ती कोण आहे ते विचारायचं होतं, तीन दिवसही झाले होते. पण ती चालत माझ्याच बाजूला आली, चालकाच्या दाराशी उभी राहिली आणि बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा वाजवलं. शिकाऊ बाई चुकीच्या वेळी स्टिअरिंगवर अडून बसली की मी वाजवते, अगदी तसं.

मी गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून खाली उतरले.